इन्सुलिनचा डोस चुकला, मी स्वतःहून सांगितलं, आता मेमो आलाय

नाईटवाली_फोंडा
नमस्कार. मी स्टाफ नर्स, चार वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. गेल्या आठवड्यात नाईट होती, आम्ही दोघी आणि पेशंट अठ्ठावीस, बरोबरची मुलगी अगदी नवीन. सकाळी एका काकांना नाश्त्याआधीचं रेग्युलर इन्सुलिन १२ युनिट द्यायचं होतं. आमच्याकडे कायम ४० ची बाटली येते, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, त्या रात्री स्टोअरमधून १०० ची, एमएलला १०० युनिटवाली आलेली, कोणी सांगितलं नाही आणि मीही लेबल वाचलं नाही, सवयीने ४० ची लाल झाकणाची सिरिंज घेतली आणि १२ च्या रेघेपर्यंत भरून दिलं. म्हणजे ३० युनिट गेले. हँडओव्हर चालू असतानाच काकांना दरदरून घाम, हात थरथरायला लागले, शुगर ४८. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन दिलं, डॉक्टर धावत आले, तासाभरात काका बोलायला लागले. नंतर बाटली परत हातात घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं, लगेच जाऊन इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. आता मेमो, तीन दिवसांत खुलासा द्या. मैत्रिणी म्हणतात सांगितलंस कशाला, काका नीट जेवले नाहीत म्हणून शुगर उतरली असं लिहिलं असतंस तर कोणाला कळलंही नसतं. खुलाशात काय लिहू? आणि काकांना, त्यांच्या मुलीला खरं कारण अजून कोणी सांगितलेलं नाही, ते जास्त टोचतंय.

निवृत्त_सिस्टर
बाय, सांगितलंस ते बरोबर केलंस, आधी पोटभर जेव आणि झोप. खुलाशात "माझी चूक झाली, पुन्हा होणार नाही" एवढंच लिहून सही करू नकोस. आम्ही वर्षानुवर्षं तेच लिहायचो, फाईल बंद व्हायची आणि महिन्याभरात दुसरी मुलगी त्याच खड्ड्यात. वेळेनुसार लिही. बाटली किती वाजता आली, कोणी उतरवून घेतली, वॉर्डात किती पेशंट, किती स्टाफ, इन्सुलिन भरताना फोन किती वेळा वाजला, कोण हाक मारत होतं. तुझा वाटाही साफ लिही, लेबल वाचलं नाही, दुसरीला दाखवलं नाही. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम दोघींनी बघूनच द्यायची असतात, पण दुसरी बारा बेड पलीकडे सलाईन लावत असेल तर बघणार कोण, हेही लिही. आमच्या वॉर्डात एकदा शेजारशेजारच्या बेडवर दोन नाईक होते, दोघांचं पहिलं नावही एकच, बीपीची गोळी भलत्यालाच गेली. त्यानंतर आम्ही बेड नंबरवर औषध देणं बंद केलं, नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचो आणि केसपेपरचा नंबर ताडून बघायचो.

फार्मसीवाला_म्हापसा
हा सापळा जुनाच आहे. ४० ची सिरिंज लाल झाकणाची, १०० ची केशरी. लाल सिरिंजमध्ये १०० ची बाटली भरली की डोस अडीच पट, उलट केलं की खूपच कमी. एका वॉर्डात दोन्ही जातीच्या बाटल्या ठेवूच नयेत, बदल झालाच तर फार्मसीने फोन करून कळवायचं आणि जुन्या सिरिंज उचलून न्यायच्या, ते आमचं काम आहे, तुमचं नाही. पोटॅशियम क्लोराईडचंही तसंच, १० एमएलचा अँप्युल घाईत डिस्टिल्ड वॉटरसारखा दिसतो आणि पातळ न करता शिरेत गेला तर हृदय थांबतं, म्हणून तो साध्या ट्रॉलीवर नकोच. आणि डॉक्टरलोकांनो, "युनिट" पूर्ण लिहा, नुसता इंग्रजी यू काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० वाचले जातात.

रोखठोक_मडगाव
राग आला तरी चालेल पण लेबल वाचायला पहिल्याच वर्षी शिकवतात. माझे वडील असते त्या बेडवर तर?

ट्यूटर_बांबोळी
@रोखठोक, प्रश्न रास्त आहे, मी हेच शिकवते, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पण सिडनीच्या हॉस्पिटलांत ९८ नर्सेसना औषधं देताना प्रत्यक्ष बघून एक अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, त्यात दर व्यत्ययामागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या नर्सेसनाही लेबल वाचायला शिकवलेलंच होतं. नुसती शिक्षा केली की काय होतं तेही बघा. अमेरिकेत टेनेसीमध्ये २०१७ ला एका नर्सकडून झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध गेलं, पेशंट दगावली, नर्सने स्वतः कबूल केलं, तरी २०२२ मध्ये कोर्टाने तिला गुन्हेगार ठरवलं. तेव्हा तिकडच्या नर्सेसच म्हणत होत्या की आता चूक कोण सांगेल. तुमच्या वडिलांच्या बेडजवळ चूक लपवणारी नर्स हवी की सांगणारी?

डिचोलीकर
मी नातेवाईक म्हणून लिहितो. आईला चुकून अँटिबायोटिकचा डोस दोनदा गेला होता, दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी येऊन सांगितलं. मी आरडाओरडा केला हे खरं, पण पुढचे आठ दिवस आईला तिथेच ठेवलं, कारण इथे लपवत नाहीत हे कळलं होतं. तेव्हापासून सिस्टर औषधाच्या ट्रॉलीवर असली की मी हाक मारत नाही, आधी मीही दर पाच मिनिटांनी "सिस्टर, सलाईन संपत आलं" करत उभा असायचो. मुलीला सांगा, पण एकटीने जाऊ नका, डॉक्टरना बरोबर घ्या.

नाईटवाली_फोंडा
सगळ्यांचे आभार, सिस्टर तुमचे तर फार. खुलासा अडीच पानं झाला, बाटली आणि सिरिंजचा फोटो जोडला. इन्चार्जनी वाचून स्टोअरला फोन लावला, तर आणखी दोन वॉर्डात तीच १०० ची बाटली लाल सिरिंजच्या डब्यात पडलेली निघाली. उद्या अकराला काकांची मुलगी येतेय, डॉक्टर हो म्हणालेत बरोबर यायला.