स्क्रीन म्हणजे लपवणे की दाखवणे?

शाळेतली_बाई:
नववीच्या चाचणीत एक वाक्य होतं, झाडं बंगल्याला रस्त्यापासून 'स्क्रीन' करतात. एका मुलीने लिहिलं, झाडांमुळे बंगला रस्त्यावरून छान दिसतो. मी मार्क कापला तर मधल्या सुट्टीत पेपर घेऊन आली, म्हणाली बाई, मोबाइलच्या स्क्रीनवर तर सगळं दिसतंच ना. मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन डिक्शनऱ्या काढून बसले आणि आता माझं मत पक्कं आहे की मूळ अर्थ आड करणे हाच, आणि मुलांना आधी तोच शिकवायला हवा. शब्द मध्ययुगात फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फायरप्लेससमोर धग थेट तोंडावर येऊ नये म्हणून जे आडोशाला उभं करायचे ते स्क्रीन. सिनेमा 'स्क्रीन केला' असं म्हणायला लागले ते पार १९१५ च्या सुमारास.

सरळसोट:
नाही पटलं बाई. मृग म्हणजे वेदांत कुठलंही रानटी जनावर, म्हणून आज आपण वाघाला मृग म्हणतो का? त्या मुलीने फायरप्लेस कधी बघितलाय, तिच्या हातात मोबाइल आहे. पुढेमागे कुठले शब्द आलेत ते बघून अर्थ लावायला शिकवा, व्युत्पत्ती हौस म्हणून ठीक आहे, पण परीक्षेत तिचा उपयोग शून्य.

श्टुटगार्टकर:
मी बाईंच्या बाजूने. इथे जर्मनीत छत्री म्हणजे रेगनशिर्म, पॅराशूट म्हणजे फालशिर्म आणि टीव्हीचा स्क्रीन म्हणजे बिल्डशिर्म. हा शिर्म म्हणजे आडोसा, आणि तो नि तुमचा स्क्रीन एकाच कुळातले. मला हे कळलं तेव्हा तिन्ही शब्द एका दिवसात पाठ झाले, मग उपयोग शून्य कसा?

साइट_इंजिनिअर:
तुम्ही दोघंही तिसरा अर्थ विसरलात. साइटवर जाळी तिरपी उभी करून तिच्यावर फावड्याने वाळू मारतात, बारीक वाळू पलीकडे पडते, खडे अलीकडे घरंगळत येतात. ती जाळी पण स्क्रीन आणि चाळणं पण स्क्रीन. हॉस्पिटलातलं स्क्रीनिंग ते यातूनच आलं. इथे ना लपवणं ना दाखवणं, इथे निवडणं आहे.

शाळेतली_बाई:
खड्यांना आडच केलं की हो जाळीने!

साइट_इंजिनिअर:
आणि वाळूला सोडलं त्याचं काय? हे ओढूनताणून होतंय बाई.

कुडाळचो_झील:
आमच्या पिंगुळीला ठाकर लोकांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ असतो. लहानपणी एकदा मी पडद्यामागे जाऊन बसलो होतो, समोर पांढरं कापड, मागे दिवा, आणि बाहुली दिव्याजवळ नेली की कापडावरचा राक्षस हा एवढा मोठा व्हायचा, कडा धूसर व्हायच्या आणि पलीकडे पोरं ओरडायची. बाहुली नाचवणारा माझ्या हाताच्या अंतरावर, पण पोरांना तो दिसतच नव्हता. लंडनमध्ये १८०१ साली लायसियम थिएटरात भुतांचे खेळ झाले तेही असेच, मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर टाकणारा जुना दिवा, पडद्यामागे. एकच कापड माणसाला लपवतं आणि चित्र दाखवतं, दोन्ही एकाच वेळी. मग बाई, आधी हा अर्थ आणि मग तो असा क्रम लावायचाच कशाला? आपल्या 'पडदा' शब्दाचं काय वेगळं आहे? पडद्याआड म्हणजे लपलेलं, पडद्यावर म्हणजे दिसणारं, आणि यात कुठलंच पोर गोंधळत नाही.

शाळेतली_बाई:
हे मात्र पटलं. सोमवारी वर्गात चादर आणि टॉर्च घेऊन जाते, त्या मुलीलाच मागे उभी करते. मार्क मात्र देणार नाही, कारण वाक्यात 'फ्रॉम द रोड' स्पष्ट लिहिलेलं होतं.

सरळसोट:
म्हणजे शेवटी 'फ्रॉम' बघूनच ठरवलंत ना? मी पहिल्यापासून तेच सांगतोय.