स्पेक्ट्रमचं ‘वाटप’ की आणखी काही?

कुर्लेकरीण: दूरसंचारावरच्या अहवालाचं भाषांतर करतेय, अडलेय. ॲलोकेशन म्हणजे स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींचा, कोणता पट्टा कोणत्या सेवेला. असाइनमेंट म्हणजे त्यातला तुकडा प्रत्यक्ष कुणाला. दोन्हीकडे ‘वाटप’ लिहिलं की वाक्याचा घोळ होतो. शिवाय वाटप म्हटलं की मोफत वह्यावाटप डोळ्यांसमोर येतं.

शुद्धमती: पहिल्याला ‘विनियोजन’. आणि ताई, ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ तेवढं लिहू नका, पेपरवाले सर्रास छापतात. रेडिओलहरी विद्युतचुंबकीय असतात, त्यांचा ध्वनीशी काय संबंध?

दादरकर: ‘विनियोजन’ वाचून माझं जेवण राहिलं. २००८ साली सरकारनं मोबाइलसेवेचा देशभराचा परवाना, स्पेक्ट्रमसकट, लिलावाविना २००१ च्या भावानं, १,६५८ कोटींत दिला, तेव्हा ‘वाटप’ अगदी चपखल होतं! वह्यांसारखंच. दोनच वर्षांनी लिलाव झाला, तर थ्रीजीच्या एका तुकड्याला एकट्या मुंबई सर्कलमध्ये (म्हणजे दूरसंचार विभागात) ३,२४७ कोटी मोजावे लागले.

कुर्लेकरीण: टोमणा पोचला. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यात लिलाव हा नियम, उपग्रहसेवा वगैरे अपवाद, तिथे लिलावाविना देतात. त्या अपवादाला काय म्हणू?

शुद्धमती: ‘नेमून देणे’.

म्हाडाग्रस्त: सोडत विसरलात! अमेरिकेत १९८० च्या दशकात मोबाइलचे परवाने चक्क सोडतीनं दिले. ज्यांना लागले त्यांतल्या कित्येकांनी ते कंपन्यांना विकून पैसे केले. १९९४ पासून तिकडे लिलाव. म्हाडाच्या सोडतीत लागलेल्या आमच्या घरावर निदान काही वर्षं विकायची बंदी तरी असते.

शुद्धमती: ‘लिलाव’ तरी कुठे आपला? पोर्तुगीज ‘लेलांव’. ‘बोली’ म्हणावं.

दादरकर: बोली आणि लिलाव एक कसे, मॅडम? २०१६ ला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला, बोली एकही आली नाही, राखीव किंमतच तेवढी चढी. २०२१ लाही तेच. तुमच्या हिशेबानं ‘बोलीत बोली आली नाही’ लिहायचं?

शुद्धमती: ‘राखीव किंमत’ हे सरळसरळ भाषांतर झालं. ‘किमान बोली’ म्हणा.

म्हाडाग्रस्त: राखीव म्हटलं की मला कोटाच आठवतो.

कुर्लेकरीण: असाइनमेंट, मंडळी!

भाऊचाधक्का: आमच्याकडे पहाटे लिलाव ‘पुकारतात’, ‘होत’ नाही. दादरकर, क्रियापद तपासा.

दादरकर: मासळीला पुकारत असतील. मेगाहर्ट्झला कोण पुकारतं, सगळं कॉम्प्युटरवर असतं.