मदत हवी आहे : आईचा रक्तदाब घरी नेमका कसा मोजावा? दवाखान्यातील आणि घरातील आकड्यांत मोठी तफावत

नमस्कार.

माझी आई ६४ वर्षांची असून गेली ६ वर्षे रक्तदाबाची गोळी घेते. मागच्या दिवाळीपर्यंत ती पुरंदर तालुक्यातील आमच्या गावी, अंजिराच्या बागेला लागून असलेल्या घरात राहत होती. आता माझ्याकडे पुण्यात, सिंहगड रस्त्यावर राहते. गेल्या दोन महिन्यांत तिला तीन वेळा दवाखान्यात नेले. तिन्ही वेळा वरचा आकडा १५८ ते १६६ आणि खालचा ८८ ते ९४ यांच्या दरम्यान आला. घरच्या यंत्रावर मात्र वरचा आकडा कधी १२६ दाखवतो, तर कधी १५२. डॉक्टर गोळीची मात्रा वाढवण्याच्या विचारात आहेत. त्यांचे काही चुकते आहे असे मला वाटत नाही, कारण त्यांच्यासमोर जो आकडा येतो त्यावरून तोच निर्णय निघतो. माझी काळजी वेगळी आहे. याच पंधरवड्यात आईला सकाळी अंथरुणातून उठताना दोनदा चक्कर आली, आणि दुसऱ्या वेळी तर तिने मोरीच्या चौकटीला धरले म्हणून ती पडली नाही. दाब खरोखरच इतका चढलेला असेल तर गोळी वाढवायलाच हवी. पण तो तसा नसेल आणि तरीही गोळी वाढली, तर या वयात एका पडण्याने काय होऊ शकते हे मी माझ्या आत्याच्या बाबतीत पाहिले आहे.

हा प्रश्न मला इतका का टोचतो, ते सांगण्यासाठी माझ्या कामाविषयी थोडे लिहिते. मी पुण्यातील एका संशोधन केंद्रात फळझाडांवर काम करते. अंजीर, पेरू आणि सीताफळ यांच्या निरनिराळ्या जाती पाण्याचा ताण कसा सोसतात, हा आमचा विषय आहे. झाडाला किती ताण बसला आहे हे मोजण्यासाठी आम्ही दाबपेटी वापरतो. १९६५ मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रूढ केली. झाडावरचे एक पान आधी चकचकीत पिशवीत झाकून ठेवायचे, तासाभराने ते धारदार पात्याने एकाच घावात कापायचे, देठाचा छेद बाहेर राहील अशा रीतीने ते पेटीत बसवायचे आणि आत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवत भिंगातून त्या छेदाकडे पाहत राहायचे. कोरड्या दिसणाऱ्या छेदावर ज्या क्षणी ओल चमकते, त्या क्षणीचा दाब टिपायचा. पान कापून दोन मिनिटे हातात राहिले, दाब घाईने वाढवला किंवा देठ दोनदा कापला, तर आकडा येतो खरा, पण तो झाडाचा नसतो. त्याच झाडाचा पहाटेचा आणि भर दुपारचा आकडाही वेगळा असतो, कारण रात्रभरात झाडातील पाणी जमिनीतील ओलीशी जुळते आणि दुपारी पाने ते वेगाने बाहेर टाकत असतात. म्हणून 'सरदार' पेरू आणि 'अलाहाबाद सफेदा' शेजारी शेजारी लावलेले असले, तरी एकाचा सकाळी ६ चा आणि दुसऱ्याचा दुपारी १ चा आकडा घेऊन आम्ही तुलना करत नाही. आमच्या वहीत वेळ, पानाची जागा, हवा आणि शेवटचे पाणी कधी दिले हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा मार्गदर्शक बाई सरळ खोडून टाकतात.

याच बाई आम्हाला स्टीफन हेल्स यांची गोष्ट सांगतात. या इंग्रज धर्मोपदेशकाने द्राक्षवेलीच्या कापलेल्या खोडाला काचेची नळी जोडून रस किती उंच चढतो हे मोजले आणि ते १७२७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १७३३ मध्ये घोडीच्या धमनीला नळी जोडून केलेले मोजमापही त्यानेच प्रसिद्ध केले. त्या नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी वरखाली होत राहिले. वेलीचा दाब आणि प्राण्याच्या रक्ताचा दाब एकाच माणसाने मोजला, याचे मला विद्यार्थिदशेत फक्त कौतुक वाटले होते. आईच्या दंडाला पट्टा बांधताना मात्र ती वरखाली होणारी रक्ताची रेषा मला वारंवार आठवते.

आता दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडले ते लिहिते. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. तिसऱ्या भेटीत आई जिने चढून वर आली, नाव पुकारले गेले आणि ती खुर्चीवर बसते न बसते तोच पट्टा बांधला गेला. तिचा हात मांडीवर होता. ब्लाऊजची बाही घट्ट असल्याने ती वर सरकवली, तेव्हा दंडावर तिचा पिळा बसून कातडीवर वळ उठला, आणि पट्टा त्या पिळ्याच्या खाली बांधला गेला. पट्टा फुगत असताना तिला झोपेविषयी, जेवणाविषयी विचारले जात होते आणि ती उत्तरे देत होती. हे सारे दोन मिनिटांत झाले. बाहेर तीसेक माणसे ताटकळत होती, त्यामुळे याचा दोष मी कोणावर ठेवत नाही. परंतु आमच्या वहीत असा आकडा टिकला नसता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

घरचे मोजमापही काही आदर्श नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. यंत्र दंडावर बांधायचे, स्वयंचलित आहे. मी शेतावर गेलेली असते तेव्हा आई स्वतःच मोजते आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. परवा तो कागद नीट पाहिला, तर १३०, १४०, १३०, १५० असेच आकडे दिसले. विचारल्यावर ती म्हणाली, "अगं, एकशे अठ्ठावीस काय आणि एकशे तीस काय, सारखंच की." दुसऱ्यांदा मोजायला तर ती तयारच होत नाही. तिच्या मते एकदा मोजले की झाले.

मला विचारायचे आहे ते असे. तिचा दंड चांगला भरदार आहे. यंत्रासोबत आलेला पट्टा तिला पुरेसा आहे की नाही, हे कसे ओळखावे? दिवसातून केव्हा, किती वेळा आणि किती दिवस मोजले म्हणजे डॉक्टरांना त्यावर विसंबून निर्णय घेता येईल? यंत्र बरोबर चालते आहे याची खात्री कशी करावी? आणि चक्कर येण्याचा या सगळ्याशी संबंध असेल, तर तो आकड्यांत कसा पकडावा? गोळी आम्ही आमच्या मनाने कमी-जास्त करणार नाही. डॉक्टरांकडे जाताना हाती नीट घेतलेली नोंद असावी, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रतिसाद १

मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. आपले वर्णन वाचून सर्वात आधी पट्ट्याविषयी लिहावेसे वाटले, कारण घरोघरी चूक तिथेच होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, शिवणकामाच्या टेपने दंडाचा घेर मोजा. नंतर पट्ट्याच्या आतल्या बाजूला छापलेले माप पाहा. बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. पट्ट्याच्या आत फुगणारी जी पिशवी असते, तिची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. ती अपुरी पडली, तर तिचा दाब आतल्या धमनीपर्यंत पुरता पोहोचत नाही, धमनी बंद करण्यासाठी यंत्राला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा उगाच चढा येतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी ४.८ मिलिमीटरने (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जास्त आला. ज्यांना त्याहूनही मोठा पट्टा लागत होता, त्यांच्यात हा फरक १९.५ मिलिमीटर निघाला. यंत्र चांगले असूनही केवळ पट्ट्यामुळे एवढे घडते.

दुसरे म्हणजे हात. पट्टा हृदयाच्या उंचीवर यावा आणि हाताला खालून टेबलाचा आधार असावा. २०२४ च्या एका चाचणीत हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सुमारे ४ मिलिमीटरने आणि हात बाजूला लोंबत ठेवल्याने साडेसहा मिलिमीटरने वाढलेला आढळला. आपण झाडांवर काम करता, त्यामुळे पाण्याच्या स्तंभाचा हिशेब आपल्याला मी सांगायला नको. हात १० सेंटिमीटर खाली गेला की ७-८ मिलिमीटरचा फरक पडतोच. बाही वर सरकवू नका. आईंना मोजमापापुरता ढगळ बाहीचा गाऊन घालायला द्या; वॉर्डात आम्ही हेच करत असू. मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा नको, तपकीर किंवा मिश्रीची सवय असेल तर तीही नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटे शांत बसावे. यंत्र चालू असताना कोणीही बोलायचे नाही, आपणही नाही. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्या बाजूला आकडा जास्त येईल, तोच दंड पुढे कायम ठेवा.

प्रतिसाद २

मी पुण्यातच जनरल प्रॅक्टिस करतो. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात फक्त चार गोष्टींची भर घालतो. सलग ७ दिवस, सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही जी रेषा धरतात, तिच्या जोडीला घरच्या सरासरीची रेषा १३५/८५ आहे, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मोजपट्टीने तोलू नयेत. स्वयंचलित यंत्र १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी वर्णिलेले आवाज ऐकत नाही. ते पट्ट्यातील कंपने टिपते आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा गणिताने काढते, म्हणून नाडी अनियमित असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. नाडीचे ठोके मनगटावर बोटे ठेवून एकदा अवश्य पाहा. यंत्र पुढच्या भेटीत सोबत न्या आणि दवाखान्यातल्या यंत्राशी, त्याच दंडावर, आळीपाळीने ताडून घ्या.

चक्कर येते हे मात्र मी सर्वात गांभीर्याने घेईन. आईंना ५ मिनिटे आडवे झोपवून दाब मोजा, मग उभे करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर ही नोंद ठळक अक्षरांत लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. हे करताना आपण त्यांच्या अगदी जवळ उभ्या राहा आणि मागे खुर्ची ठेवा. चक्कर पुन्हा आली, तर ७ दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका.

मूळ प्रश्नकर्तीकडून, १२ दिवसांनंतर

आपण दोघांनी दिलेल्या मार्गदर्शनाबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्याच रात्री आईच्या दंडाचा घेर मोजला, तो साडेपस्तीस सेंटिमीटर भरला. आमच्या पट्ट्यावर २२ ते ३२ असे स्पष्ट छापलेले होते आणि दोन वर्षांत ते मी एकदाही वाचले नव्हते. त्याच यंत्रासाठी मिळणारा ३२ ते ४२ सेंटिमीटरचा पट्टा मागवला. तो येईपर्यंत दोन दिवस जुन्या पट्ट्याने, बाकी सारे नियम पाळून मोजले, तेव्हा आकडा १४० च्या आसपास येत होता. नव्या पट्ट्यावर ७ दिवस मोजून, पहिला दिवस सोडून, २४ नोंदींची सरासरी काढली. ती १३३/७९ आली. उजव्या दंडावर आकडा डाव्यापेक्षा ६ मिलिमीटरने जास्त येतो, म्हणून उजवाच कायम ठेवला. नाडी नियमित आहे.

आईने दुसऱ्यांदा मोजायला नकार देऊ नये, म्हणून तिला तिच्याच बागेतले उदाहरण दिले. अंजीर पिकले की नाही हे ती एका फळावरून कधीच ठरवत नाही. चार झाडांवरची चार फळे दाबून पाहते, मगच तोडणीला माणसे बोलावते. हे तिला पटले. आता ती स्वतः चष्मा लावून १२७ असेल तर १२७ च लिहिते आणि शेजारी वेळही टाकते.

आडवे आणि उभे राहून घेतलेल्या मोजमापाने मात्र मी हादरले. झोपलेली असताना १३४/८०, उभी राहिल्यावर १ मिनिटाने ११२/७२ आणि ३ मिनिटांनी ११६/७४. दोन वेगवेगळ्या सकाळी जवळजवळ हेच आकडे आले, म्हणून आठवडा संपल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी वही आणि यंत्र घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाने शेवटपर्यंत वाचली, आईला आधी १० मिनिटे बसवून ठेवले आणि दोन्ही यंत्रे आळीपाळीने लावून पाहिली. त्यांच्यात ३ मिलिमीटरचा फरक निघाला. गोळीची मात्रा त्यांनी वाढवली नाही. उठताना दाब का उतरतो हे आधी पाहायचे ठरले, त्यासाठी रक्ताच्या काही तपासण्या लिहून दिल्या आणि २४ तास दाब मोजणारे यंत्र एक दिवस बांधायला सांगितले.

आता त्या २४ तासांच्या तपासणीविषयी अनुभवी सदस्यांना विचारते. आई सकाळी साडी नेसते, दिवसभर ओट्याशी उभी असते आणि रात्री उजव्या कुशीवर झोपते. यंत्र दर अर्ध्या तासाने फुगणार, त्या वेळी हात स्थिर राहावा म्हणून आपण घरी काय सांभाळले होते? पट्टा उजव्या दंडावर असेल, तर रात्री कुशीखाली दबून आकडे बिघडतात का, आणि तसे होऊ नये म्हणून कोणी उशीचा काही उपाय केला आहे का? तपासणी येत्या गुरुवारी आहे, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाले तर फार उपयोग होईल.