डीपीडीची सेटिंग मशीन लर्निंगने ठरवावीत का? सल्ला हवा आहे

तरंगलांबी

नमस्कार. २० मेगाहर्ट्झ रुंदीचा ओएफडीएम सिग्नल (माहिती अनेक उपवाहक लहरींवर विभागून नेणारा) पाठवणाऱ्या एका ट्रान्समीटरवर मी काम करत आहे. पॉवर ॲम्प्लिफायर कार्यक्षमतेने चालवायचा तर त्याला संपृक्ततेच्या (जिथे आउटपुट आणखी वाढू शकत नाही) जवळ न्यावे लागते, आणि तिथे तो सिग्नल विकृत करून शेजारच्या चॅनेलमध्ये ऊर्जा सांडू लागतो. यावर उपाय म्हणून डिजिटल प्रीडिस्टॉर्शन (डीपीडी) बसवले आहे, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या उलट विकृती सिग्नलला आधीच दिली जाते. ते मेमरी पॉलिनॉमियल प्रकारचे आहे, म्हणजे आताच्या आणि मागच्या नमुन्यांचे घात गुणांकांनी गुणून बेरीज करणारे. मात्र पॉलिनॉमियलचा घात किती ठेवावा, मागचे किती नमुने विचारात घ्यावेत, सिग्नलची शिखरे कोणत्या पातळीवर छाटावीत आणि ॲम्प्लिफायरला बायस (कार्यबिंदू ठरवणारे स्थिर व्होल्टेज) किती द्यावा, हे सारे मी हातानेच ठरवतो. फ्रिक्वेन्सी किंवा तापमान बदलले की हीच कसरत पुन्हा करावी लागते. सध्याचे प्रीडिस्टॉर्शन काढून त्या जागी न्यूरल नेटवर्क बसवावे, की दुसरा काही मार्ग आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मोजपट्टी

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत, ते आधी वेगळे करू. पॉलिनॉमियलचे गुणांक काढण्यासाठी मशीन लर्निंगची गरज नाही. मॉडेल सिग्नलच्या दृष्टीने अरेषीय असले तरी गुणांकांच्या दृष्टीने रेषीय आहे, त्यामुळे किमान वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणाऱ्या) उत्तर थेट मिळते. खरी अडचण आहे ती आपण सांगितलेल्या घात, मेमरी, छाटणी आणि बायस या चार सेटिंगची. ती एकमेकांत गुंतलेली असतात, त्यांचा उतार (सेटिंग बदलल्यावर निकाल कोणत्या दिशेने किती बदलेल) सूत्राने काढता येत नाही आणि प्रत्येक मोजणीला वेळ लागतो. अशा ठिकाणी बेझियन ऑप्टिमायझेशन वापरावे, असे मी सुचवेन. आतापर्यंतच्या मोजण्यांवरून ते अंदाज बांधते, कुठे खात्री कमी आहे तेही लक्षात ठेवते आणि पुढची मोजणी कुठे करावी हे त्यावरून ठरवते. म्हणजे आत किमान वर्ग पद्धत आणि बाहेर शिकणारा शोध, अशी रचना करावी.

उद्दिष्ट काय द्यायचे, यावर मात्र पुरेसा विचार करा. मी एकदा फक्त एसीएलआर (आपल्या चॅनेलमधील शक्तीचे शेजारच्या चॅनेलमध्ये सांडलेल्या शक्तीशी गुणोत्तर) सुधारण्याचे उद्दिष्ट देऊन शोध रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी आकडे देखणे होते, पण त्या पठ्ठ्याने आउटपुट पॉवरच कमी करून ठेवली होती. उद्दिष्ट म्हणून कार्यक्षमता ठेवावी आणि बाकीच्या गोष्टी अटी म्हणून घालाव्यात: आउटपुट पॉवर ठरलेली, एसीएलआर किमान ४५ डेसिबल, आणि २५६ क्यूएएम (एका चिन्हात आठ बिट नेणारे मॉड्युलेशन) वापरत असाल तर ईव्हीएम, म्हणजे पाठवलेली चिन्हे आदर्श जागेपासून किती ढळतात त्याचे माप, जास्तीत जास्त ३.५ टक्के. मोबाइल बेस स्टेशनसाठी थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या एसीएलआर आणि ईव्हीएमच्या मर्यादा याच आहेत. ईव्हीएमची अट नसेल तर शोध शिखरे वाटेल तितकी छाटतो, कारण त्याची किंमत एसीएलआरमध्ये फारशी दिसत नाही.

सातवा_घात

वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण न्यूरल नेटवर्क सरसकट बाद करू नये. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकतात आणि त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो. चार-पाच नमुन्यांच्या मेमरीला तो पकडता येत नाही. असा ट्रान्झिस्टर डोहर्टी रचनेत (कार्यक्षमतेसाठी दोन ॲम्प्लिफायर जोडलेली रचना) असेल, तर पॉलिनॉमियल अपुरे पडल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

अडचण आहे ती गणिताच्या ओझ्याची. विषम घात सातपर्यंत आणि चार नमुन्यांची मेमरी घेतली, तर १६ संमिश्र गुणांक लागतात, म्हणजे दर नमुन्याला साधारण ६४ गुणाकार. त्याच चार नमुन्यांचे आय, क्यू (संमिश्र नमुन्याचे दोन घटक) आणि आयामाचे तीन घात असे २० इनपुट आणि २० न्यूरॉनचा एकच थर घेतला, तरी ४४० गुणाकार होतात. सेकंदाला १२.२८८ कोटी नमुन्यांच्या वेगाने हे सुमारे ५४ अब्ज गुणाकार झाले. जिथे ट्रान्समीटरची शक्तीच थोडी आहे, तिथे ॲम्प्लिफायरमध्ये वाचवलेली वीज या गणितातच खर्ची पडेल. तुलना करून पाहायची असल्यास डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांचे ओपनडीपीडी हे मुक्त सॉफ्टवेअर आधी चालवून पाहावे.

तरंगलांबी

दोघांचेही आभार. तूर्त पॉलिनॉमियल ठेवून बाहेरच्या शोधाचाच प्रयोग करेन. एक शंका मात्र उरते. बायस शोधाच्या हाती दिला, तर ॲम्प्लिफायर जळण्याची भीती नाही का?

मोजपट्टी

भीती रास्त आहे. बायसची आणि ड्रेन करंटची (ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या मुख्य प्रवाहाची) मर्यादा सॉफ्टवेअरवर सोडू नका, ती हार्डवेअरमध्येच बसवा. दुसरा धोका कमी दिसतो. प्रीडिस्टॉर्शन शिखरे आणखी उंचावते, त्यामुळे ॲम्प्लिफायर संपृक्ततेत अधिक खोल जातो, मग पुढच्या फेरीत गुणांक ती शिखरे आणखी वाढवतात आणि फेऱ्यांमागून फेऱ्या हे प्रकरण हाताबाहेर जाते. प्रीडिस्टॉर्शनच्या आउटपुटवर ठाम कमाल मर्यादा घाला आणि किमान वर्ग पद्धतीत थोडे रेग्युलरायझेशन (गुणांक फार मोठे होऊ न देणारा दंड) ठेवा.

मोजणीची बाजूही पक्की हवी. पाचव्या घाताची विकृती मूळ सिग्नलच्या पाचपट रुंदीत पसरते, म्हणून फीडबॅक रिसीव्हरला (ॲम्प्लिफायरचे आउटपुट परत मोजणाऱ्या) १०० मेगाहर्ट्झ तरी दिसले पाहिजे. तो रिसीव्हर स्वतःच विकृती करत असेल, तर प्रीडिस्टॉर्शन इमानेइतबारे त्याचीच विकृती दुरुस्त करत बसेल. पाठवलेला आणि परत आलेला सिग्नल नमुन्याच्या अंशापर्यंत जुळवणेही तितकेच आवश्यक आहे.

सातवा_घात

एक पुरवणी. बायस बदलल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत थांबा आणि दर दहा मोजण्यांनंतर एकदा मूळ सेटिंगवर परत येऊन तीच मोजणी करा. तिथला आकडा सरकला असेल, तर मधल्या मोजण्यांमध्ये सेटिंगबरोबर तापमानाचाही परिणाम मिसळला आहे, असे समजून त्या पुन्हा घ्या. मिळालेली सेटिंग फ्रिक्वेन्सी आणि तापमानानुसार तक्त्यात साठवलीत, तर पुढच्या वेळी जवळच्या नोंदीपासून सुरुवात करता येईल.