मदत हवी आहे: बाईक राईडला फर्स्ट एडचं काय काय न्यावं, आणि ते वापरायला कुठे शिकावं?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण काय झालं ते सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

आम्ही सहा जण, चार बाईक, पावसाळ्यात दर वर्षी एक तरी राईड होतेच. या जुलैत ताम्हिणी ठरलं, पुण्याहून पौड, मुळशी करत खाली माणगावला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. मी माझी साडेतीनशे सीसीची बाईक चालवते, सहा वर्षं झाली, नवरा त्याच्या बाईकवर पुढे, आणि माझा आतेभाऊ पहिल्यांदाच आमच्याबरोबर आला होता, नवी कोरी बाईक घेऊन. घाट उतरताना एका वळणावर डोंगराची लाल माती वाहून रस्त्यावर आली होती, त्याने ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबला आणि बाईक डाव्या अंगावर घसरत गेली. स्पीड चाळीसच्या आतच असेल. मी त्याच्या मागेच होते.

तो स्वतःच उठून बसला, माझ्याशी बोलला, त्यामुळे आधी वाटलं खरचटलं असेल. मग पाय बघितला. गुडघ्याखाली चार बोटांवर नडगी फुटपेगने (पाय ठेवायच्या दांडीने) फाडली होती, पँटचा कपडा आत गेलेला, आणि पावसाच्या पाण्याबरोबर रक्त बुटात उतरत होतं, बूट भरला की काठावरून बाहेर येत होतं. माझे हात थरथरायला लागले.

आमच्या ग्रुपचा फर्स्ट एड बॉक्स होता हो, नाही असं नाही. पण तो नवऱ्याच्या सॅडल बॅगेत, आणि तो बाकीच्यांबरोबर कधीच पुढे निघून गेलेला, फोनला रेंज नाही. माझ्या सीटखाली शोरूमने बाईकबरोबर दिलेलं प्लास्टिकचं पाऊच होतं, सहा वर्षांत एकदाही न उघडलेलं. ते उघडलं तर कापूस पिवळा पडून त्याचा गोळा झालेला, चिकटपट्ट्यांचा गोंद उन्हाने वितळून कागदाला लागलेला, मलमाची ट्यूब फुटलेली आणि बँडेजची एक गुंडाळी, दोन बोटं रुंद. ती मी जखमेवर गुंडाळली आणि मिनिटभरात ती लाल झाली, मग काढली आणि परत गुंडाळली. असं दोनदा केलं.

वळणाच्या खाली कणसाची गाडी होती, तिथल्या मावशी धावत आल्या. त्यांनी कमरेचा धुतलेला पंचा सोडला, चौघडी घातली, जखमेवर ठेवली आणि माझा तळवा त्यावर दाबून म्हणाल्या, "दाबून धर, सोडू नको, बघू पण नको." मी तशीच धरून बसले, दहा मिनिटं तरी, आणि रक्त थांबत आलं. आमच्या सहा जणांच्या अंगावर मिळून लाखभराची जॅकेटं, बूट, गार्ड असतील, आणि दाबून धरायचं हे आमच्यापैकी मला तरी माहीत नव्हतं.

तोवर दोन गाड्या थांबल्या होत्या. एका मुलाने आतेभावाचं हेल्मेट ओढून काढलं, त्याला मोकळं वाटेल म्हणून, आणि मी अडवलं नाही. दुसऱ्याने बंजी कॉर्ड (सामान बांधायची हुकांची लवचिक दोरी) काढली आणि मांडीला करकचून आवळू म्हणाला, त्याला मात्र मी नको म्हणाले, का म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. कोणी पाणी पाजा म्हणत होतं. आणि वरून येणारी वाहनं त्याच मातीवरून येत होती, त्यांना थांबवायला कोणीच उभं नव्हतं, हे मला रात्री आठवलं.

शेवटी एका पिकअपवाल्या दादांनी माणगावला उपजिल्हा रुग्णालयात पोचवलं. एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन, अकरा टाके, हाड शाबूत. डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, की हेल्मेट कोणी काढलं. मान ठीक आहे, देवाची कृपा. रात्री आत्याचा फोन आला, ती म्हणाली, "तू होतीस ना गं त्याच्याजवळ, मग मला काळजी नाही." तिने विश्वासाने म्हटलं, पण माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

तर मला तुमच्याकडून मनापासून मदत हवी आहे. हेल्मेट काढायचं की नाही, आणि काढावंच लागलं तर कसं? बंजी कॉर्डला नाही म्हटलं ते बरोबर की चूक? सहा जणांसाठी किटमध्ये नेमकं काय हवं, आणि बाईकवर ते कुठे ठेवायचं म्हणजे वेळेला हाताशी येईल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे प्रत्यक्ष हाताने करून शिकवणारं कोणी आहे का? व्हिडिओ बरेच बघून झालेत, पण समोर रक्त असताना त्यातलं काही आठवेल असं मला वाटत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी ट्रॉमा वॉर्डला नर्स आहे, सोळा वर्षं. आधी हे सांगते की त्या मावशींनी केलं ते शंभर टक्के बरोबर. तुम्ही बँडेज काढून परत बांधत होतात तेव्हा जमत आलेली गुठळी दर वेळी उखडत होती. भिजलं तरी पहिली घडी काढायची नाही, तिच्यावर दुसरी ठेवायची आणि अजून जोरात दाबायचं, हात दमले तर वरून शरीराचं वजन टाकायचं. ओळखीचे म्हणून घाबरतो आपण, हळू दाबतो. हळू दाबून काही होत नाही.

हेल्मेटचं असं, की माणूस श्वास घेतोय, बोलतोय, तर इतरांनी ते काढायला जायचं नाही. काच वर करा, पट्टा सैल करा, डोकं हलू देऊ नका. तो शुद्धीत आहे, मान अजिबात दुखत नाही, हातापायाला मुंग्या नाहीत आणि तो स्वतःच काढतोय, तर काढू दे. श्वास बंद पडलाय किंवा उलटी होऊन आत गुदमरतंय, तेव्हा मात्र काढायलाच लागतं आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोक्याच्या बाजूला बसून हेल्मेट दोन्हीकडून घट्ट धरायचं, दुसऱ्याने पट्टा सोडून एक हात जबड्याला आणि एक मानेखाली द्यायचा, मग पहिल्याने हेल्मेटच्या कडा फाकवून हळूहळू सरळ ओढायचं. निघाल्यावर डोकं धप्पकन खाली पडता कामा नये, हे बहुतेक जण विसरतात. हे घरी गादीवर नवऱ्याला झोपवून करून बघा, पाच वेळा तरी.

पाणी नाही पाजायचं, ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देताना अडचण होते, आणि अर्धवट शुद्धीत असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं.

प्रतिसाद २

बंजी कॉर्डला नको म्हणालात ते चांगलं केलं. दोरी, वायर, बुटाची लेस असलं बारीक काही आवळलं की कातडी आणि नसा चिरडतात आणि आतली धमनी चालूच राहते. खरी टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळतात ती) रुंद पट्ट्याची, पिळायच्या दांडीची असते, आणि ती दाबूनही न थांबणाऱ्या हातापायाच्या रक्तस्रावालाच. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायची, किती वाजता बांधली ते मार्करने लिहायचं आणि हॉस्पिटलपर्यंत सोडायची नाही. ऑनलाइन स्वस्तातल्या घेऊ नका, माझ्या एका स्वस्त टूर्निकेची दांडी सरावातच मोडली.

बाकी किटचं माझं वीस वर्षांचं मत सांगतो, लीडरच्या गाडीवर किट ठेवायचंच नाही. पडणारा बहुतेक मधला किंवा मागचा असतो आणि लीडर तेव्हा दोन घाट पुढे असतो. मोठं किट स्वीपकडे, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणाऱ्याकडे, आणि प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात एक छोटी पुडी: ग्लोव्हज, दोन मोठे गॉज पॅड, एक सहा इंची क्रेप बँडेज. मोठ्या किटमध्ये हेच जास्त, वर त्रिकोणी बँडेज दोन, चिकटपट्टीचा रोल, सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली धुवायला, खरचटण्यावर पॅराफिन गॉज (साधा गॉज चिकटतो आणि काढताना जीव जातो), पॅरासिटामॉल, ओआरएस, कात्री, हेडलॅम्प, आणि थर्मल ब्लँकेट, कारण पावसात भिजलेला जखमी माणूस फार पटकन गार पडतो. ॲस्पिरिन रक्तस्राव असताना नाही. सगळं ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), मागच्या सीटवर बांधायच्या टेल बॅगेच्या सगळ्यात वर. सीटखाली नको, बाईक आडवी पडली की तिथे हात पोचत नाही, आणि उन्हाने काय होतं ते तुम्ही बघितलंच. दर मेमध्ये, पावसाच्या आधी, सगळं काढून तारखा बघायच्या.

आणि पहिला पोचणारा जखमीकडे, दुसरा वळणाच्या वर वाहनं थांबवायला. हे राईड सुरू व्हायच्या आधीच ठरवायचं, नावं घेऊन.

प्रतिसाद ३

सायलेन्सरने पोळणं राहिलं वरच्या यादीत, आणि खरं तर तेच जास्त होतं. वाहतं पाणी वीस मिनिटं, मोजून. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

रेंज नसेल तर एकाने रेंज मिळेपर्यंत पुढे जायचं आणि १०८ ला फोन करायचा, नाही लागला तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ पण आहे. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटर वाचून सांगा, "ताम्हिणीत एका वळणावर" म्हटलं तर ॲम्ब्युलन्सवाला कुठे शोधणार. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर टाकून ठेवा सगळ्यांनी.

आणि तो पिकअपवाला थांबला, पण पुष्कळ लोक पोलिसांच्या भीतीने थांबत नाहीत, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल केस होत नाही आणि त्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या आत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे, नेमलेल्या हॉस्पिटलांत.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. रविवारी गादीवर हेल्मेटचा सराव केला, पहिल्या दोन वेळा नवऱ्याचं डोकं खालीच आपटलं, तिसऱ्यापासून जमायला लागलं. आतेभाऊ खुर्चीत पाय वर घेऊन सूचना देत होता. पुढच्या राईडला स्वीप मीच असणार आहे.

ट्रेनिंगचं कोणीतरी सांगा ना, तेवढंच राहिलंय. आणि मेडिकलवाल्याने दिलेली कात्री टोकदार आहे, ती चालेल का?

प्रतिसाद १

टोकदार नको ताई, पँट कापताना मांडीत घुसते. टोक बोथट आणि पातं वाकडं असलेली ट्रॉमा शिअर्स म्हणून सर्जिकलच्या दुकानात मिळते. घेतली की जुन्या जीन्सची शिवण आणि बुटाची लेस कापून बघा, तिथेच अडतं.

ट्रेनिंगसाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस दोघांचे प्रथमोपचाराचे कोर्स असतात, सर्टिफिकेट मिळतं. मोठ्या हॉस्पिटलांत बीएलएसचे (बेसिक लाईफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचे) वर्ग होतात, तिथे पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, करून घेतात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून सहाच्या सहा जण जा, एकट्याने शिकून पुरत नाही. आणि जमलं तर त्या कणीसवाल्या मावशींकडे एक क्रेप बँडेज आणि गॉजचा गठ्ठा देऊन ठेवा, त्या वळणावर त्यांच्याइतकं जवळ दुसरं कोणी नाही.