शोकांतिकेचा शेवट : ‘अटळता’ की ‘अंतिमता’?

प्रश्न : नाट्यविषयक लेखात एका शब्दापाशी अडलो आहे. शोकांतिका संपताना ‘आता यापुढे काही होणे नाही’ असे जे प्रेक्षकाला आतून पटते, त्याला काय म्हणावे? मी ‘अटळता’ लिहिले होते. एका मित्राने ‘निर्वहण’ सुचवले.

प्रतिसाद १ : ‘अटळता’ नको. अटळ म्हणजे टळू न शकणारे. ते घडण्याआधी म्हणायचे. तुम्हाला हवे आहे ते घडून गेल्यावरचे, जे आता फिरवता येत नाही. ‘अंतिमता’ घ्या. कानाला जरा कोरडा लागतो, पण अर्थ नेमका आहे.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा शेवटचा प्रवेश पाहा. मरणाच्या दारात असलेला खलनायक एडमंड कबूल करतो की राजा लिअर आणि त्याची मुलगी कॉर्डेलिया यांना मारायचा हुकूम त्याने दिला आहे. तो थांबवायला माणूस धावत सुटतो. लिअरचा जावई ऑल्बनी म्हणतो, देव तिला राखोत. आणि लगेच लिअर तिचा देह हातांवर घेऊन आत येतो. एडमंड थोडा आधी बोलता, तर ती वाचती. म्हणजे तिचे मरण अटळ मुळीच नव्हते. नाटककाराने दार किलकिले केले ते आपल्या तोंडावर लावून घेण्यासाठी! तरी लिअर थांबत नाही. श्वासाने काच धुरकटते का पाहायला आरसा मागतो, पीस धरतो, ते हलले असेही त्याला वाटते. आशा अशी एकेक करून संपते, आणि मग १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात) एका अख्ख्या ओळीत ‘कधीच नाही’ हेच पाच वेळा येते. पुढचे वाक्य काय, तर एवढे बटण सोडा. तेही पुन्हा बोलण्यासारखे काही उरलेले नसताना.

गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या आधीच्या ‘किंग लिअर’ नाटकात (छापील प्रत १६०५) राजाला गादी परत मिळते. पुढे १६८१ मध्ये नाटककार नेहम टेटनेही शेवट गोड करून कॉर्डेलियाचे एडमंडचा भाऊ एडगर याच्याशी लग्न लावले, आणि ते रूप रंगभूमीवर दीडेकशे वर्षे चालले. कथेत अटळ असे काही असते, तर हे जमले असते का?

प्रतिसाद २ : ‘निर्वहण’ इथे बसत नाही. संस्कृत नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच टप्पे म्हणजे संधी मानतात. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधींतला तो शेवटचा, आणि त्याची जोडी फलागमाशी, म्हणजे फळ मिळण्याशी. नायकाच्या पदरात फळ पडते तिथे तो शब्द शोभतो. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच मरतो, पण तो अपवाद.

प्रतिसाद ३ : पहिल्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. ग्रीक नाटकातल्या इडिपस राजाच्या बाबतीत ‘अटळता’च म्हणावे लागेल, तो बापाला मारून आईशी लग्न करील ही भविष्यवाणी आधीच झालेली आहे. आणि तो मरतही नाही. डोळे फोडून घेतो तेही आपल्याला दिसत नाही, दूत येऊन सांगतो. मग तो स्वतः बाहेर येतो आणि बोलत राहतो. मेला असता तर सुटला असता. एकदा कळलेले पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही, तिथे शेवट पक्का होतो.

आणखी एक. ‘हॅम्लेट’मध्ये नायकाच्या मृत्यूनंतर नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास येतो, चार सरदारांना देह उचलायला सांगतो, तोफा झडतात. राज्य दुसऱ्याकडे गेले, कारभार सुरू! नायकावाचून काही अडत नाही हे दिसले, की त्याचे जाणे खरे वाटते. त्यामुळे प्रयोगात हे मागे उरलेल्या पात्रांचे बोलणे पुष्कळदा कापतात, ते मला पटत नाही.

प्रश्नकर्ता : आभार. मग वाक्य असे करतो : ‘इडिपसमध्ये अंतिमता अटळतेतून येते, लिअरमध्ये अटळतेवाचून.’ चालेल?

प्रतिसाद १ : ‘अटळतेवाचून’ वाचताना अडखळायला होते. ‘अटळता नसतानाही’ करा. आणि पहिल्यांदा ‘अंतिमता’ येईल तिथे अर्थ एका वाक्यात सांगून टाका. नाहीतर वाचक ‘अंतिम फेरी’तला अंतिम समजतील.