जुने राइड-ऑन मोअर दुरुस्त करत राहावे की नवे घ्यावे?

पाना_पक्कड :

बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र वीस-पंचवीस वर्षांचे झाले आणि त्याचा एखादा भाग विक्रेत्याच्या यादीतून गेला, की ‘आता नवेच घ्या’ हा सल्ला ठरलेला असतो. माझे मत नेमके उलट आहे. सांगाडा सरळ असेल, डेकचा, म्हणजे पाती झाकणाऱ्या खालच्या कवचाचा, पत्रा गंजून पातळ झालेला नसेल आणि ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग, चढावर दम टाकत नसेल, तर ते यंत्र दुरुस्त करणेच योग्य आहे. सुटा भाग मिळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा तो चुकीच्या नावाने शोधल्यामुळे उद्भवते.

या यंत्रांच्या बॉनेटवर नाव एकाचे असते, जोडणी दुसऱ्याने केलेली असते आणि इंजिन तिसऱ्याचे असते. सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने विकलेल्या क्राफ्ट्समन मोअरचे उदाहरण घ्या. सिअर्स ते स्वतः बनवत नसे. मॉडेल क्रमांकातील टिंबाआधीचे तीन अंक खरा उत्पादक कोण हे सांगतात, आणि ते ९१७ असतील तर तो व्यवसाय पुढे हस्कव्हार्नाच्या छत्राखाली गेल्यामुळे त्या कंपनीच्या यादीत अनेक भाग सापडतात. इंजिनाचेही तसेच आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन क्रमांक धातूच्या आवरणावर ठोकलेले असतात. कोडचे पहिले सहा आकडे ९८०४१५ असतील, तर ते इंजिन १५ एप्रिल १९९८ रोजी तयार झाले असे समजावे. कार्बोरेटर किंवा गॅस्केट मागवताना हे तिन्ही क्रमांक दिले, तर बॉनेटवर कोणाचे नाव आहे याला काही महत्त्व उरत नाही.

बेअरिंगसाठी तर कंपनीची गरजच नाही. स्पिंडलमध्ये, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या दांड्याच्या जोडणीत, बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ या मापाचे बेअरिंग असते आणि ही मापे मोटारी-पंपांसाठी सर्वत्र मिळतात. मात्र व्हर्नियर हे बारीक माप घेण्याचे साधन लावून आतले भोकही मोजले पाहिजे. नेहमीच्या ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर आणि आतला १७ मिलिमीटर असतो; मोअरसाठी बाहेरून तेवढेच, पण आतून ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असलेलेही बेअरिंग येते. हा फरक न पाहता १७ चे बसवले, तर ते शाफ्टवर मिलिमीटरभर सैल राहते आणि थोड्याच वापरात शाफ्टच झिजवून टाकते. मापे नीट घेणाऱ्याला सुट्या भागांचा तुटवडा फारसा भासत नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो.

मैदानरक्षक :

बेअरिंगबद्दलचे आपले म्हणणे मान्य आहे. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोकादायक वाटतो. भाग मापाने बसला म्हणजे तो त्या कामासाठी लायक ठरला, असे होत नाही. २१ इंची पाते मिनिटाला ३,४०० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९५ मीटर, म्हणजे ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास जातो. अमेरिकेच्या आन्सी (राष्ट्रीय मानक संस्था) मानकाने टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला १९,००० फूट ठरवलेली आहे, आणि ती सेकंदाला साधारण साडेशहाण्णव मीटर भरते. म्हणजे मूळ यंत्रच मर्यादेच्या काठावर चालत असते. अशा जागी किंचित लांब पाते, वेगळ्या व्यासाची पुली किंवा कोणत्या पोलादाचे आहे हे माहीत नसलेले स्वस्त पाते लावणे म्हणजे आजूबाजूच्या माणसांच्या जिवाशी खेळणे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चालक उठला की पाती थांबावीत यासाठी आसनाखाली स्विच असतो; तसाच एक ब्रेकच्या पेडलजवळ आणि एक पाती जोडण्याच्या खटक्यापाशी असतो. अनेक हात बदललेल्या मोअरमध्ये यांपैकी एखादा स्विच बिघडल्यावर त्याच्या दोन तारा सरळ पिळून जोडलेल्या आढळतात. यंत्र सुरू होते, मालक खूश होतो, आणि पुढच्या मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. नवे यंत्र घेणारा माणूस निदान या शंकेतून मुक्त असतो.

कार्यशाळा :

आपण दोघेही इंजिन आणि डेकबद्दल बोलत आहात, परंतु खरा प्रश्न ट्रान्समिशनचा आहे. घरगुती मोअरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले गेलेले टफ टॉर्क के-४६ हे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाके फिरवणारे, ट्रान्समिशन युनिट पाहा. त्याला तेल काढण्याचे बूचच नाही. थंड असताना यंत्र व्यवस्थित ओढते. तासभर कापणी झाली, तेल तापून पातळ झाले, की त्याच चढावर रांगू लागते. युनिट उतरवून, उलटे करून तेल काढले आणि नवे ५डब्ल्यू-५० सिंथेटिक भरले, तर काही यंत्रे पुन्हा सुधारतात हे खरे आहे. पण आतल्या पंपाच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर चरे पडले असतील, तर तेल बदलून काहीही साधत नाही, आणि अख्ख्या बदली युनिटची किंमत बहुधा त्या जुन्या यंत्राच्या बाजारभावाच्याही वर जाते. अशा वेळी दुरुस्तीचा आग्रह धरणे मला तरी पटत नाही.

हिरवळ :

एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या मॉडेलपासून २५ अश्वशक्तीखालील बहुतेक नव्या छोट्या इंजिनांसाठी शून्य उत्सर्जनाचे मानक लागू केले आहे. जगाची दिशा बॅटरीवरच्या यंत्रांकडे आहे. उत्सर्जनाचे नियम कडक होण्यापूर्वीचे इंजिन आणखी दहा वर्षे जिवंत ठेवण्यात कोणाचे हित आहे?

पाना_पक्कड :

हिरवळ यांना उत्तर थोडक्यात देतो. तो नियम नव्या विक्रीसाठी आहे. आहे ते यंत्र वापरण्यास किंवा दुरुस्त करण्यास त्याने मनाई केलेली नाही. शिवाय वर्षात मोजकेच तास चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत नवे पोलाद, नवी बॅटरी आणि वाहतूक यांचाही हिशेब धरावा लागतो.

कार्यशाळा यांच्याशी माझा वाद नाही, कारण ट्रान्समिशन शाबूत असण्याची अट मी आरंभीच घातली आहे. तरीही एवढे सांगतो की ही युनिटे वयापेक्षा उष्णतेने अधिक मरतात. वरचा प्लॅस्टिकचा पंखा तुटलेला आणि थंडाव्यासाठी असलेल्या धातूच्या उभ्या कडांमध्ये वाळक्या गवताचा थर बसलेला, हे दृश्य नेहमीचे आहे. तो थर वेळेवर खरवडून काढणाऱ्याला बदली युनिट शोधण्याची वेळ फार उशिरा येते.

मैदानरक्षक यांचा पात्यांचा आणि स्विचचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. किंबहुना त्यात पट्ट्याची, म्हणजे पाती फिरवणाऱ्या बेल्टची, भर घालतो. मोअरमध्ये पाती जोडणे-सोडणे हे पुष्कळदा पट्टा ताणून किंवा सैल करून होते, त्यामुळे त्या पट्ट्यावर कापडी आवरण आणि आत अरामिड या मजबूत कृत्रिम तंतूंची दोरी असते. त्याच मापाचा गाडीचा उघड्या कडांचा पट्टा घातला, तर सैल केल्यावरही तो पुली धरून ठेवतो आणि खटका बंद असूनही पाती फिरत राहू शकतात. तेव्हा मापावर विसंबून कोणता भाग घ्यायचा आणि कोणता उत्पादकाच्या क्रमांकानेच घ्यायचा, ही रेषा आखली पाहिजे. बेअरिंग, सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच), बॅटरी आणि इंधनाची नळी पहिल्या बाजूला. पाते, पट्टा आणि सुरक्षेचे स्विच दुसऱ्या बाजूला. यासाठी अख्खे यंत्र मोडीत काढण्याचे कारण मला अजूनही दिसत नाही.

मैदानरक्षक :

ही रेषा मला मान्य आहे, पण तिचा परिणामही स्वीकारा. दुसऱ्या बाजूचा भाग उत्पादकाच्या क्रमांकाने मिळेनासा झाला, तर त्या दिवशी यंत्र थांबले पाहिजे. टेकम्से या अमेरिकन इंजिन कंपनीने २००८ च्या अखेरीस इंजिनांचे उत्पादन थांबवले, तरी त्यांचे पुष्कळ भाग पुढे इतरांकडून मिळत राहिले, कारण ती इंजिने असंख्य होती. कमी खपलेल्या मॉडेलच्या स्पिंडलच्या घराला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या बाहेरच्या आवरणाला, असे भाग्य लाभत नाही. मग लोक त्याच मॉडेलचे दुसरे बंद पडलेले यंत्र सुट्या भागांसाठी विकत घेतात, आणि त्यातले ॲल्युमिनियमचे घरही तितकेच थकलेले असते. बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी बारीक भेग ग्रीस पुसल्याशिवाय दिसत नाही.

पाना_पक्कड :

ती भेग पुसून पाहावी, आणि असेल तर तो भाग वापरू नये, यावर आपले एकमत आहे. यंत्र थांबवण्याची अटही मी मान्य करतो. मात्र ती त्या एका भागापुरती लागू करा, यंत्राच्या वयाला लावू नका.